पिढ्यांनी साठवलेलं शहाणपण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माणसं एकमेकांकडून कशी शिकतात आणि ते शिकलेलं पिढ्यान्‌पिढ्या कसं वाढत जातं, याबद्दल शिक्षक, पालक, कार्यकर्ते आणि विद्यार्थी मला सतत विचारत असतात. शब्द वेगळे असतात, पण प्रश्न फिरून फिरून तेच येतात. ते इथे एकत्र केले आहेत. कुठलंही उत्तर सुटं वाचता येईल. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात येऊन गेला असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. ‘संचयी संस्कृती’ हा शब्द वाचनात आला. सोप्या भाषेत त्याचा अर्थ काय?

एका माणसाला उभ्या जन्मात एकट्यानं जे शोधता आलं नसतं, ते समूहाजवळ असणं, म्हणजे संचयी संस्कृती.

सह्याद्रीतल्या आदिवासी घरांत खाल्ला जाणारा कडू कंद घ्या. कच्चा खाल्ला तर तो कडूजहर लागतो आणि बाधतो. म्हणून त्याच्या पातळ चकत्या करायच्या, राख घालून उकडायच्या, मग रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायच्या. त्यानंतर तो पोटात जाऊ शकतो. ही सगळी कृती पहिल्याच माणसाला एका दमात सुचली असेल असं मला वाटत नाही. कुणाच्या तरी लक्षात आलं असेल की उकडल्यावर कडूपणा उतरतो. पुढे कुणीतरी राख घालून पाहिली असेल, आणि आणखी कुणी चकत्या ओढ्यात सोडल्या असतील. प्रत्येकानं आधीच्याची पायरी तशीच ठेवली आणि तिच्यावर आपली चढवली. आज ही सगळी कृती मुलगी आईशेजारी बसून एका हंगामात शिकते.

मायकेल टोमासेलो या मानसशास्त्रज्ञानं १९९० च्या दशकात यासाठी रॅचेटची उपमा रूढ केली. गॅरेजमधला रॅचेट पाना पुढे फिरतो, पण मागे घसरत नाही. सुधारणा झाली की ती धरून ठेवणारं काहीतरी हवं, नाहीतर प्रत्येक पिढीला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागेल. धरून ठेवणारी ती गोष्ट म्हणजे एकमेकांकडून बिनचूक शिकणं.

२. शोध हुशार माणसं लावतात, बाकीचे ते वापरतात. यात ‘समूह’ कुठून आला?

हा प्रश्न सर्वाधिक येतो. याचं उत्तर मी नेहमी ऑस्ट्रेलियातल्या बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेनं देते.

ऑगस्ट १८६० मध्ये ही मोहीम मेलबर्नहून निघाली. खंड दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडायचा होता. पैसा, उंट, साहित्य, कशाचीच कमतरता नव्हती. परतीच्या वाटेवर एप्रिल १८६१ मध्ये बर्क, विल्स आणि जॉन किंग कूपर्स क्रीकच्या तळावर पोहोचले, तर त्यांची वाट पाहणारी तुकडी त्याच दिवशी सकाळी तळ सोडून गेली होती. अन्न संपत आलं. त्या भागातले यांद्रुवांधा लोक ‘नार्डू’ या पाणनेच्याच्या बीजकोशांचं पीठ खातात, हे या तिघांनी पाहिलं होतं. तेही नार्डू गोळा करून दळून खाऊ लागले. पोट भरायचं, पण अंगातली ताकद रोज कमी होत जायची. विल्सनं हे आपल्या रोजनिशीत नोंदवलं आहे. जूनच्या अखेरीच्या सुमाराला विल्स आणि बर्क दोघेही गेले.

नार्डूत थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारं विकर असतं. यांद्रुवांधांची नार्डू भाजण्याची, पाण्यासोबत दळण्याची, खाण्याची एक ठरलेली रीत होती, आणि त्या रीतीमुळे हा धोका कमी होत असे. या तिघांनी पदार्थ उचलला, रीत उचलली नाही. मृत्यूला उपासमार आणि थंडीही कारण झाली असणार, पण पोटभर नार्डू खाऊनही ते खंगत गेले एवढं निश्चित. किंग मात्र यांद्रुवांधांच्या आश्रयाला गेला. त्यांनी त्याला खाऊ घातलं, सांभाळलं आणि सप्टेंबरमध्ये शोधपथकाला तो जिवंत सापडला.

ते तिघे मूर्ख नव्हते, आणि यांद्रुवांधांचा मेंदू काही वेगळा नव्हता. फरक होता तो एवढाच की एका बाजूला हजारो वर्षं त्या जमिनीवर राहिलेल्या माणसांची शिकवण होती आणि दुसऱ्या बाजूला तीन माणसांची काही महिन्यांची बुद्धी.

३. नक्कल म्हणजे कमी प्रतीचं शिकणं नाही का? शाळेत तर ‘समजून घ्या, घोकू नका’ असं सांगतात.

समजून घेणं चांगलंच. पण माणसाच्या ज्ञानाचा फार मोठा भाग असा आहे, जो वापरणाऱ्यांनाही का काम करतो ते ठाऊक नसतं.

व्हिक्टोरिया हॉर्नर आणि अँड्र्यू व्हाइटन यांचा २००५ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग पाहा. एका पेटीत खाऊ ठेवला होता. ती उघडून दाखवणारा माणूस काही आवश्यक क्रिया करायचा आणि काही पूर्णपणे निरर्थक, उदाहरणार्थ वरच्या भोकात काठी खुपसणं. पेटी अपारदर्शक होती तेव्हा चिंपांझी आणि तीन-चार वर्षांची मुलं, दोघंही सगळ्या क्रियांची नक्कल करत. पेटी पारदर्शक केली आणि काठी खुपसून काहीच होत नाही हे डोळ्यांना दिसू लागलं, तेव्हा चिंपांझींनी निरर्थक क्रिया गाळल्या. मुलांनी त्या तशाच चालू ठेवल्या.

वरवर पाहता चिंपांझी शहाणे ठरले. आता कसाव्याचा कंद घ्या, म्हणजे आपला उपवासाचा साबुदाणा ज्यापासून होतो तोच. मूळचा दक्षिण अमेरिकेतला. त्याच्या कडू जातींतून सायनाइड सुटतं. ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या तुकानो स्त्रिया तो सोलतात, किसतात, धुतात, चोथा, पीठ आणि पाणी वेगळं करतात, पाणी उकळतात, चोथा आणि पीठ दोन दिवस ठेवून मग भाजतात. नुसता उकडला तरी कडूपणा जातो आणि लगेच काही त्रास होत नाही. मग एखादी चौकस सून म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? ती दोन पायऱ्या गाळेल, आणि पुढे कित्येक वर्षं तिला काहीच जाणवणार नाही. पण थोडं थोडं सायनाइड पोटात जात राहील. पोर्तुगीजांनी हा कंद आफ्रिकेत नेला. तिथे दुष्काळात किंवा घाईत प्रक्रिया अर्धवट राहिली की आजही ‘कोन्झो’ नावाचा आजार होतो. त्यात पायांतली शक्ती जाते, आणि ती परत येत नाही.

अशा ठिकाणी ‘पटलं तरच करीन’ म्हणणारा माणूस धोक्यात येतो आणि सगळ्या पायऱ्या जशाच्या तशा गिरवणारा वाचतो. मुलं निरर्थक वाटणाऱ्या क्रियाही का उचलतात, याचं हे मला पटलेलं स्पष्टीकरण आहे. याची दुसरी, त्रासदायक बाजू प्र. १२ मध्ये आहे.

४. सगळेच नक्कल करू लागले तर नवं कोण शोधणार?

कुणीच नाही. नुसत्या नकलकारांचा समाज परिस्थिती बदलताच बुडेल. ॲलन रॉजर्स यांनी १९८८ मध्ये गणितानं दाखवलं की साध्यासुध्या, डोळे झाकून केलेल्या नकलेमुळे समूहाचा सरासरी फायदा वाढतच नाही. फायदा होतो तो निवडक नकलेमुळे: केव्हा स्वतः करून पाहायचं आणि केव्हा दुसऱ्याचं उचलायचं, हे ठरवता आल्यामुळे.

२०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका संगणकीय स्पर्धेत शिकण्याच्या १०४ रणनीती एकमेकींविरुद्ध उतरवल्या होत्या. भरपूर नक्कल करणाऱ्या रणनीतीच पुढे गेल्या. कारण साधं होतं. माणूस जे उघडपणे करताना दिसतो ते बहुधा त्याला जमलेल्या गोष्टींपैकी सर्वांत फायद्याचं असतं, म्हणजे चाळणी आधीच लागलेली असते.

५. मग नक्कल कुणाची करायची, हे मुलं कसं ठरवतात?

मुख्यतः तीन खुणांवरून. कोण यशस्वी आहे, बहुतेकजण काय करतात, आणि इतर लोक कुणाकडे आदरानं पाहतात. तिसरी खूण विशेष मानवी आहे. भजनी मंडळात नव्यानं आलेल्या पोराला कुणाचा हात पखवाजावर चांगला चालतो हे कळत नाही, पण बाकीचे कुणाकडे मान वळवतात ते त्याला दिसतं. तेवढं पुरतं.

याच खुणेचा तोटाही आहे. एका कामातला मान दुसऱ्या कामात ओतला जातो. क्रिकेटपटूनं सांगितलेली विम्याची पॉलिसी किंवा नटानं सांगितलेलं तेल आपण का विकत घेतो, याचं मूळ इथे आहे.

६. प्राणीही एकमेकांकडून शिकतात. मग माणसात वेगळं काय?

प्राणी शिकतात, यात शंका नाही. जपानच्या कोशिमा बेटावर १९५३ मध्ये ‘इमो’ नावाच्या दीड वर्षाच्या माकडिणीनं रताळं पाण्यात धुऊन खायला सुरुवात केली. ते आधी तिच्या खेळगड्यांनी आणि आईनं उचललं. मीरकॅट आपल्या पिलांना आधी मेलेला विंचू देतात, मग नांगी काढलेला जिवंत, मग नांगीसकट जिवंत, म्हणजे चक्क शिकवतात. दक्षिण पॅसिफिकमध्ये हंपबॅक देवमाशांची गाणी पश्चिमेकडून पूर्वेकडे एका कळपातून दुसऱ्या कळपात पसरताना नोंदवली गेली आहेत.

‘साठवण फक्त माणसाची’ हे विधानही आता पूर्वीइतकं ठाम करता येत नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत भुंग्यांनी, आणि झांबियातल्या एका अभयारण्यातल्या चिंपांझींनी, एकट्यानं त्यांना सुटलं नव्हतं असं कोडं प्रशिक्षित सोबत्याला पाहून सोडवलं. तरी एक फरक राहतो. प्राण्यांत ही साठवण एक-दोन पायऱ्यांवर थांबलेली दिसते. इमोच्या कळपातल्या माकडांनी रताळं खाऱ्या पाण्यात बुडवायला सुरुवात केली, पण त्यापुढे सत्तर वर्षांत त्याचा स्वयंपाक झाला नाही. माणसात पायऱ्या थांबत नाहीत, त्या वेगवेगळ्या कामांतून उचलून एकत्र जोडल्या जातात, आणि भाषेमुळे जे समोर नाही तेही शिकवता येतं.

७. शंभरावं माकड शिकलं आणि लगेच दूरच्या बेटांवरची माकडंही रताळी धुऊ लागली, हे खरं आहे का?

नाही. हा संदेश व्हॉट्सॲपवर अजूनही फिरतो, त्यामुळे स्पष्टच सांगते. कोशिमातली सवय हळूहळू, एकेका नात्यातून आणि मैत्रीतून पसरली, आणि प्रौढ नरांपैकी बहुतेकांनी ती कधीच उचलली नाही. जादूनं काहीही उडून गेलं नाही. ज्ञान पसरायला कुणाच्या तरी शेजारी बसावं लागतं.

८. लिपी नसताना ज्ञान टिकतं कसं? कानगोष्टीच्या खेळासारखं ते बिघडत नाही का?

बिघडू शकतं. म्हणूनच मौखिक परंपरांनी बिघाड रोखण्याच्या युक्त्या शोधल्या. त्या युक्त्या हेच त्यांचं मोठं कर्तृत्व आहे.

एक युक्ती म्हणजे एकच मजकूर अनेक तऱ्हांनी पाठ करणं. वेदपठणातल्या घनपाठात क, ख, ग असे शब्द असतील तर ते ‘कख, खक, कखग, गखक, कखग’ असे म्हणून मग पुढच्या शब्दावर सरकतात. एखादा शब्द निसटला किंवा बदलला तर उलटसुलट फेऱ्यांत ते लगेच उघडं पडतं. या पद्धतीनं मजकूर जपला, त्यात भर घातली नाही. जपणं आणि वाढवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. (ती कुणाला शिकू दिली गेली, हा प्रश्न क्र. ११ मध्ये.)

दुसरी युक्ती म्हणजे ज्ञान गाण्यात बांधणं. सुमात्राजवळच्या सिमेउलुए बेटावर १९०७ मध्ये त्सुनामीनं हाहाकार केला. वाचलेल्यांनी त्याला ‘स्मोंग’ म्हटलं, आणि गोष्टींतून, अंगाईंतून पुढच्या पिढ्यांना सांगितलं: मोठा भूकंप झाला आणि समुद्र मागे हटला, तर काही गोळा करत बसू नका, टेकडीकडे पळा. २६ डिसेंबर २००४ रोजी तेच घडलं. जवळच्या आचे किनाऱ्यावर लाखाहून जास्त माणसं गेली. सिमेउलुए भूकंपाच्या केंद्राच्या सर्वांत जवळ होतं. तिथल्या सुमारे ७८,००० लोकांपैकी सात दगावले. त्या दिवशी धावणाऱ्यांपैकी बहुतेकांनी १९०७ पाहिलेलं नव्हतं. सत्त्याण्णव वर्षांत त्यांना दुसरी मोठी त्सुनामी अनुभवावी लागली नव्हती, तरी पाय योग्य दिशेनं वळले. या विषयात मला सर्वांत जास्त हलवून टाकणारं उदाहरण हेच आहे.

९. आता तर सगळं लिहून ठेवता येतं, व्हिडिओ काढता येतो. मग काम झालं ना?

अर्धं झालं. लेखनानं फार मोठी झेप घेतली, हे नाकारायचं कारण नाही. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी घराण्याघराण्यांत दडलेल्या बंदिशी मिळवून स्वरलिपीत छापल्या. ते झालं नसतं तर कित्येक चिजा उस्तादांबरोबर गेल्या असत्या. पण नुसती स्वरलिपी वाचून कुणी गवई झालेला नाही. स्वराचं आंदोलन, म्हणजे हेलकावा, किती हलकं, कुठला स्वर किती ओझरता, हे गुरूसमोर बसून, चुकून, पुन्हा गाऊनच गळ्यात उतरतं.

हातानं किंवा अंगानं करायच्या प्रत्येक कामाला हे लागू आहे. कागद आठवण देतो, पण चूक झाली हे शिकणाऱ्याला सांगत नाही. व्हिडिओही सांगत नाही. नोंदी जरूर करा (प्र. १४), त्यांच्या जोडीला एक जिवंत शिष्य मात्र लागतो.

१०. एकदा साठलेलं ज्ञान हरवू शकतं का?

हो, आणि एका पिढीत हरवू शकतं.

वायव्य ग्रीनलंडमधल्या ध्रुवीय इनुइटांचा एक छोटा, बाकीच्यांपासून तुटलेला समूह होता. १८२० च्या दशकात तिथे साथ आली आणि वयस्क, जाणती माणसं मोठ्या संख्येनं गेली. त्यांच्याबरोबर कायाक होडी, मासे मारण्याचा त्रिशूळासारखा भाला आणि धनुष्यबाण बनवण्याची विद्याही गेली. उरलेल्यांना या वस्तू असतात हे माहीत होतं, पण त्या करायच्या कशा हे शिकवणारं कुणी राहिलं नाही. समोर कॅरिबू हरणं चरत होती, पाण्यात मासे होते, आणि ते मारता येत नव्हते. लोकसंख्या घटत गेली. १८६० च्या दशकात बॅफिन बेटावरून इनुइटांचा दुसरा गट तिथे आला आणि त्यानं ही सगळी कौशल्यं त्यांना पुन्हा शिकवली.

हरवलेलं दुसरीकडून परत मिळाल्याचं आणखी एक उदाहरण पॅसिफिकमधलं. तारे, लाटा आणि पक्षी पाहून खुल्या समुद्रातून नाव नेण्याची विद्या हवाईत लोपली होती. मायक्रोनेशियातल्या साटावाल या इवल्या बेटावर ती शिल्लक होती. तिथल्या माऊ पियाइलुग यांनी १९७६ मध्ये ‘होकुलेआ’ ही जोडनाव हवाईहून ताहितीला कोणत्याही उपकरणाशिवाय नेली. आपल्या समाजाबाहेर ही विद्या देणं त्यांच्याकडे सोपं नव्हतं, तरी त्यांनी ती हवाईच्या तरुणांना दिली. १९८० मध्ये नैनोआ थॉम्प्सन यांनी तोच प्रवास स्वतः दिशा शोधत केला.

टास्मानियाचं उदाहरणही वारंवार विचारलं जातं. समुद्राची पातळी वाढून सुमारे दहा-बारा हजार वर्षांपूर्वी ते ऑस्ट्रेलियापासून तुटलं, आणि पुढे तिथली हाडांची अवजारं आणि मासेमारी नाहीशी झाली. जोसेफ हेन्रिक यांनी २००४ मध्ये याचा संबंध छोट्या, एकाकी लोकसंख्येशी जोडला. त्यावर आक्षेप आहेत: सील आणि शिंपले मुबलक असताना मासेमारी सोडणं हा हिशेबी निर्णयही असू शकतो. हे उदाहरण ‘मागासलेले लोक’ या अर्थानं वापरलेलं मला अजिबात मान्य नाही. त्या लोकांनी हिमयुगाची थंडी झेलत तिथे हजारो वर्षं काढली होती. त्यांचा घात वसाहतवाद्यांनी केला.

११. जातीनिहाय धंद्यांमुळेच आपली कारागिरी टिकली, असं वडीलधारे सांगतात. ते बरोबर आहे का?

घरातच शिकवण मिळाल्यानं कौशल्य टिकलं, हे खरं. पण हा युक्तिवाद तिथेच थांबतो आणि हिशेबाची दुसरी बाजू लपवतो.

पुण्याचीच गोष्ट आहे. इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणारा कावसजी १७९२ च्या युद्धात टिपूच्या लोकांच्या हाती लागला आणि त्याचं नाक कापलं गेलं. पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या जातीतल्या एका कारागिरानं कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक बसवलं. मुंबई इलाख्यातल्या इंग्रज शल्यवैद्यांनी ते पाहिलं आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात सचित्र वृत्तांत छापून आला. तो वाचून जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनमध्ये ही शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. दोनच वर्षांत जर्मनीत ग्रेफे यांचं पुस्तक आलं. कपाळाच्या कातडीनं नाक बांधण्याची पद्धत शल्यविशारद आजही वापरतात.

सुश्रुतसंहितेत गालाच्या कातडीची पद्धत आहे. पुण्यात कपाळाची वापरली गेली. म्हणजे मधल्या शतकांत कुणीतरी सुधारणा केली होती, आणि ती ग्रंथवाचकांच्या हाती नव्हती, विटा करणाऱ्याच्या हाती होती. वृत्तांतात रुग्णाचं नाव आहे, कारागिराचं नाही. त्याचं कौशल्य त्याच्या लोकांपुरतं राहिलं, आणि छापलं गेल्यावर वीस-पंचवीस वर्षांत अर्ध्या युरोपात पोहोचलं.

साठवण वाढते ती वेगवेगळ्या हातांतलं आणि डोक्यांतलं एकत्र आलं की. ज्याच्या हातात कौशल्य त्याला अक्षर नाही, आणि ज्याला अक्षर त्याला माती-कातड्याला हात लावणं कमीपणाचं, अशी विभागणी केली की दोन्हीकडची वाढ खुंटते. स्त्रियांना तर अक्षरच नव्हतं. १८४८ मध्ये पुण्यात सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा काढली, तेव्हा न्यायाबरोबरच समाजाच्या एकूण विचारशक्तीतही भर पडली. म्हणून लोकसंख्येचा आकडा मोठा असणं पुरत नाही. त्यातले किती जण एकमेकांकडून शिकू शकतात, ते पाहावं लागतं.

१२. एखादी रीत शेकडो वर्षं टिकली, म्हणजे ती योग्यच असणार ना?

नाही. टिकणं हा पुरावा आहे, पण कच्चा. युरोपात रक्त काढण्याचा उपचार दोन हजार वर्षं टिकला. १८३० च्या दशकात पिएर लुई यांनी पॅरिसमध्ये रुग्ण मोजून पाहिले, तेव्हा त्याचा फायदा दिसेना.

उलट बाजूही तितकीच खरी. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवायची रीत होती. युरोपीय लोकांनी मका नेला, चुना मागे सोडला. १७३५ मध्ये स्पेनमध्ये गास्पार कासाल यांनी वर्णिलेला ‘पेलाग्रा’ हा आजार पुढे इटलीत आणि अमेरिकेच्या दक्षिण भागात पसरला. मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व चुन्याशिवाय शरीराला नीट मिळत नाही, हे विसाव्या शतकात उलगडलं.

मी स्वतः तीन गोष्टी पाहते. चूक झाली तर ती करणाऱ्यालाच आणि लवकर दिसते का? दिसत असेल तर रीत घासून-पुसून सुधारलेली असण्याची शक्यता जास्त. ती मोडल्यानं त्रास कुणाला होतो आणि पाळल्यानं कुणाचं वर्चस्व टिकतं? विधवांवरच्या बंधनांसारख्या रीती इथेच उघड्या पडतात. आणि शेवटी, मोजून पाहता येतं का? येत असेल तर मोजावं.

१३. अवजारं आणि पाककृती समजल्या. पण एकत्र राहण्याचे नियमही असे साठतात का? महाराष्ट्रातलं उदाहरण सांगाल?

खानदेश आणि नाशिकच्या उत्तर भागातली फड पद्धत. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर गावोगावच्या लोकांनी तीन-चारशे वर्षं ती चालवली.

नदीवर दगडी बंधारा, त्यातून कालवा, कालव्यातून चाऱ्या. भिजणारी जमीन तीन-चार फडांत, म्हणजे मोठ्या पट्ट्यांत, वाटलेली. एका फडात एकच पीक, आणि कोणत्या फडाला यंदा पाणी, कोणत्याला नाही, हे हंगामाआधी सगळे मिळून ठरवतात. शेतकऱ्याची जमीन सहसा प्रत्येक फडात थोडी थोडी असते. म्हणून पाणी कमी पडलं आणि एखादा फड कोरडा ठेवावा लागला, तर तोट्याचा वाटा सगळ्यांना येतो. कालव्याच्या शेपटाला असलेला एकटाच मरत नाही. पाणी देण्याचं काम पाटकऱ्याचं. त्याच्यावर देखरेखीला हवालदार, राखणीला जागले, आणि त्यांचा मोबदला पूर्वी धान्यात. पीक एकच असल्यानं पाळ्या सोप्या होतात आणि चोरून पाणी घेतलेलं लगेच दिसतं.

हा आराखडा कुणा एका अभियंत्यानं कागदावर काढलेला नाही. जमीन फडाफडांत विखुरलेली ठेवण्यातला शहाणपणा एखाद्या भीषण दुष्काळानंतरच्या भांडणातून आला असावा, असा माझा कयास आहे. भांडण मिटवणारा नियम टिकला, न मिटवणारा गळाला. वरच्या अंगाला धरणं झाली, विहिरी आणि ऊस वाढला, तशी बऱ्याच गावांत ही पद्धत मोडली. बंधारे अजून उभे आहेत. कोणाची पाळी केव्हा, हे तोंडपाठ असलेले पाटकरी मात्र कमी होत चालले आहेत. दगडापेक्षा हा ऱ्हास मला जास्त काळजीचा वाटतो. बंधारा दुरुस्त करता येतो.

१४. आमच्या गावातल्या जुन्या माणसांचं ज्ञान नोंदवायचं आहे. सुरुवात कशी करू?

मुलाखतीनं करू नका, कामानं करा. ‘बियाणं कसं साठवता?’ असं विचारलं तर दोन वाक्यांत उत्तर मिळतं. बियाणं साठवण्याच्या दिवशी शेजारी बसलात आणि हात लावलात, तर राख किती, ऊन किती, दाणा दाताखाली कसा वाजायला हवा, हे सगळं बाहेर येतं. काय केलं यासोबत काय टाळलं तेही लिहा. सांगणाऱ्याचं नाव त्यांना विचारून नोंदवा.

जैवविविधता कायदा, २००२ खाली प्रत्येक ग्रामपंचायतीत लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. आधी ती मागून पाहा. बऱ्याचदा तिच्यात वनस्पतींची यादी असते, वापरायची रीत नसते. तिथेच तुम्हाला भर घालता येईल. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचं काम जवळून समजून घ्या. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी गावरान बियाणं डब्यात बंद करून ठेवलं नाही. ते बायकांना पेरायला दिलं, आणि बियाण्याबरोबर लागवडीची रीतही घराघरांत गेली.

१५. नोंद करताना एखादी रीत उघडउघड घातक वाटली तर? ती लिहायची की गाळायची?

लिहायची. गाळली तर ती नाहीशी होत नाही, फक्त तुमच्या वहीतून जाते. पण तिच्याशेजारी आजचं ज्ञानही तितक्याच ठळक अक्षरांत लिहायचं.

उदाहरणार्थ, तान्ह्या बाळाला मध चाटवण्याची रीत. ती अनेक घरांत प्रेमानं पाळली जाते. पण मधात बोट्युलिझमच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते वाढत नाहीत, बाळाच्या वाढू शकतात. म्हणून एक वर्षाच्या आत बाळाला मध देऊ नये, चाटण म्हणूनही नाही. हा धोका आजीला दिसणं शक्य नव्हतं: घटना विरळ, आणि बाळ आजारी पडायचं तेव्हा मध कुणाला आठवायचाही नाही. प्र. १२ मधली पहिली कसोटी इथे लागू होत नाही, म्हणून तिसरी लावावी लागते.

वहीत मी ते असं लिहिते: कोणत्या गावी, कोणत्या विधीत, कुणी चाटवायचं, त्यामागची भावना काय. त्याखाली वयाची अट आणि कारण. आजीबाईंना ते वाचून दाखवते, आणि त्यांची हरकत असेल तर तीही लिहून घेते.